उघड्या रंगमंचासाठी पावसात टिकणारे लाइट कोणते घ्यावेत?

माटवाखालचा (२८ जून, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतोय.

आमचं गाव कुडाळ तालुक्यात. गणपतीत देवळासमोरच्या रंगमंचावर सात रात्री कार्यक्रम असतात. तीन रात्री दशावतार, एक डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), बाकी फुगड्या, पोरांचे नाच आणि बक्षीस समारंभ. रंगमंच २४ बाय १८ फुटांचा, वर पत्रा, मागे भिंत, तीन बाजू उघड्या. सरळ पाऊस आत येत नाही, पण पश्चिमेकडून झड आली की पुढचे पाच-सहा फूट भिजतात. आणि लाइट नेमके तिथेच, पुढच्या पाइपवर.

गेल्या वर्षी भाड्याने आणलेल्या आठ पारपैकी (पार म्हणजे डब्यासारखे स्टेजचे लाइट) तीन दुसऱ्याच रात्री गेले. त्यातला एक जाताना हिरव्यावर अडकला, त्यामुळे अख्खं आख्यान भीम हिरवा. लोक हसले. तिसऱ्या रात्री हसण्यासारखं नव्हतं. नारदाने विंगेतल्या लोखंडी खांबाला हात टेकला आणि त्याला झटका बसला. हात सुटला म्हणून निभावलं.

यंदा मंडळाने स्वतःचे लाइट घ्यायचं ठरवलंय. दीड लाख मंजूर आहेत. दुकानदार म्हणतो, ‘सगळं वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून न्या.’ डोळे झाकायची हिंमत होत नाही. काय बघून घ्यावं?

गावठी_रेडो (२८ जून, रात्री ११:०५)

बरा केलंस धागो काढलंस तो. पण माका विचारशीत तर इकत घेव नको. सात राती सोडलं तर वर्सभर ते लाइट ठेवतलास खय? देवळाच्या माळयेर? उंदीर वायरी खातले. भाड्यान हाड आणि मोकळो हो.

माटवाखालचा (२८ जून, रात्री ११:२०)

रेडोबा, गणपतीच्या आठवड्यात जिल्ह्यातला एकही लाइटवाला मोकळा नसतो. आपल्या वाट्याला येतो तो उरलासुरला माल. आणि तो टेपने गुंडाळलेल्या वायरींसकट येतो.

फेज_न्यूट्रल (२९ जून, सकाळी ७:१५)

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. बॉक्सवर किंवा मागच्या पट्टीवर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात, ते वाचा. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. आयपी २० म्हणजे बोट आत जाणार नाही, पाण्याबद्दल वचन शून्य. सभागृहातले बहुतेक लाइट याच जातीचे. आयपी ४४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेले शिंतोडे चालतील. आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि पाण्याची धार सोसेल. या धारेचं मापही ठरलेलं आहे: ६.३ मिलिमीटरची तोटी, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून, किमान तीन मिनिटं. ६६ ला तोटी साडेबारा मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास.

एक गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ६७ म्हणजे ६५ पेक्षा भारी असं आपोआप ठरत नाही. बुडवण्याची परीक्षा वेगळी, धारेची वेगळी. दोन्ही पास असेल तर दोन्ही आकडे छापतात. तुमच्या झडीला ६५ पुरे. ६७ साठी जास्त पैसे मोजू नका, रंगमंच तळ्यात नाही.

पण ही परीक्षा नव्या कोऱ्या मालाची, गोड्या पाण्यातली, मोजक्या मिनिटांची. चार उन्हाळे पत्र्याखाली भाजून कडक झालेल्या रबराबद्दल ती काही सांगत नाही.

रातपाळी (२९ जून, दुपारी १:३०)

मी जुन्नर तालुक्यातला. तमाशाच्या फडांचं लाइटचं काम बावीस वर्षं केलं, आता मंडप आणि लाइट असा स्वतःचा धंदा आहे. आमचा सीझन जत्रा-यात्रांचा. म्हणजे धूळ रोजची आणि एप्रिल-मेमध्ये वळीव कधी येईल ते सांगता येत नाही. रंगबाजी चालू असताना वळवाने तंबू उचललेला पाहिलाय, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

दुकानात लाइट हातात घ्या. आधी वजन बघा. आयपी ६५ पारची बॉडी ओतीव ॲल्युमिनियमची असते, पाठीमागे गरमी सोडायला पाती असतात, ती चांगली जड लागते. पातळ पत्र्याची बॉडी, मागे जाळी आणि जाळीमागे पंखा दिसला की खाली ठेवा, मग स्टिकरवर काहीही छापलेलं असो. जिथून वारा आत जातो तिथून पाणीही जातं. मूव्हिंग हेडमध्ये, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या लाइटमध्ये, पंख्याचा कप्पा वेगळा काढून बाकी सील केलेले आयपी ६५ मॉडेल येतात, पण त्यांची किंमत ऐकून तुमचे खजिनदार उठून जातील.

मग वायर बॉडीत शिरते तिथे बघा. तिथे पिळून घट्ट होणारी ग्लँड हवी, नुसता रबरी बूच नको. मागच्या झाकणावर एक बारीकसं बटणासारखं बूच असतं, त्यात पडदा असतो. तो हवा जाऊ देतो, पाणी नाही. ते का लागतं सांगतो. लाइट तीन तास चालून गरम झालेला असतो, वरून गार सर येते, आतली हवा आकसते आणि लाइट श्वास आत ओढतो. वाट दिली नाही तर तो रबराच्या फटीतून ओढतो, आणि त्या फटीवर नेमकं पाणी साचलेलं असतं. सकाळी काचेच्या आत वाफ धरलेली दिसते ती यामुळे.

आम्ही नवा लॉट आला की त्यातला एक बाजूला काढतो. तासभर फुल पांढऱ्यावर चालवायचा, बंद करून पिन काढायची आणि लगेच बागेच्या पाइपने चारी बाजूंनी पाच मिनिटं धुवायचा. रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी काचेत धुकं दिसलं तर लॉट परत. दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवा. जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडून घ्या.

आता खरी गोष्ट. बावीस वर्षांत पावसाने मेलेले लाइट मी मोजके पाहिले. मेलेले जॉइंट रोज पाहिले. पाणी लाइटमध्ये शिरत नाही, लाइटला जिथे जोडता तिथे शिरतं. आयपी ६५ चा लाइट आणायचा आणि त्याची पिन साध्या एक्स्टेंशन बोर्डात खोचून बोर्ड चिखलात ठेवायचा, म्हणजे रेनकोट घालून अनवाणी चालण्यासारखं.

माटवाखालचा (२९ जून, रात्री ९:५०)

रातपाळीदादा, आज मुद्दाम दुकानात गेलो. ‘वॉटरप्रूफ’ लाइट उलटा केला. मागे जाळी, जाळीमागे पंखा, आणि पंख्याच्या बाजूलाच ‘आयपी ६५’चं चकचकीत स्टिकर. मी पंख्याकडे बोट दाखवल्यावर मालक म्हणाले, ‘तो फक्त हवा खायला आहे.’

गावठी_रेडो (२९ जून, रात्री ९:५८)

😂😂 हवा खाता, पाणी पिता, मगे झोपता.

पिशवीबहाद्दर (३० जून, सकाळी ११:००)

एवढा खर्च कशाला? आम्ही साध्या शार्पींना (अरुंद झोताच्या फिरत्या लाइटना) आणि पारला जाड प्लास्टिकच्या पिशव्या बांधतो. दहा वर्षं झाली, काही होत नाही.

रातपाळी (३० जून, सकाळी ११:४०)

होतं हो, तुम्हाला दिसत नाही एवढंच. पिशवी गच्च बांधली की पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. एलईडी हळूहळू मंद होतात, शार्पीचा दिवा लवकर उडतो. खालून मोकळी ठेवली तर अचानक आलेल्या सरीपुरती तासभर चालेल, मीही करतो. पण सात रात्रींचा बेत पिशवीवर आखू नये. आणि जुने हॅलोजन पार कोणी वापरत असेल तर तापलेल्या काचेवर गार थेंब पडून काच तडकते. खाली नट उभा असतो हे लक्षात ठेवा.

सायक्लोरामा (३० जून, दुपारी ४:२०)

हौशी नाटकांची प्रकाशयोजना करते, म्हणून पाण्यापलीकडचं एक सांगते. सगळे पाण्यावरच बोलताहेत, पण त्या उजेडात माणसं कशी दिसणार?

बाजारातल्या स्वस्त पारमध्ये लाल, हिरवे, निळे एलईडी असतात आणि तिन्ही मिसळून पांढरा बनवतात. त्या पांढऱ्यात माणसाची त्वचा मेल्यासारखी दिसते. दशावतारात तर रंगवलेले चेहरे, जरीचे कपडे, भडक लाल-पिवळे रंग. त्यांची पार वाट लागते. समोरून मारायला फक्त वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर पांढरे, पार घ्या, ३००० ते ३२०० केल्विनच्या आसपास, आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर मिळाला तर उत्तम. रंगाचे पार वेगळे, तेही लाल-हिरवा-निळा यांच्यासोबत स्वतंत्र पांढरा असलेले, आणि ते मागून किंवा बाजूने.

मागचा लाइट विसरू नका. दशावतारातला संकासुर नखशिखान्त काळा असतो. मागे काळा पडदा असेल आणि पाठीवर उजेड नसेल तर त्याचा नुसता आवाज ऐकू येतो. वरच्या मागच्या पाइपवरून दोन पार खांद्यांवर टाकले की कड उमटते आणि तो पडद्यापासून सुटा दिसतो. मागच्या पाइपवर झडही येत नाही.

कोनही विचारून घ्या. पुढचा पाइप रंगमंचाच्या अगदी जवळ असेल तर २५ अंशांच्या पारचे वेगवेगळे गोल पडतात, मधे काळोख. ४०-४५ अंशांचे घ्या.

माटवाखालचा (३० जून, रात्री १०:१५)

ताई, संकासुराचं अगदी खरं. आमच्याकडे म्हातारी माणसं ‘खंय आसा तो?’ म्हणून विचारतात. हे डोक्यातच आलं नव्हतं.

फेज_न्यूट्रल (१ जुलै, सकाळी ७:३०)

नारदाच्या झटक्याबद्दल अजून कोणी बोललं नाही. माझ्या मते धाग्यातला सगळ्यात मोठा मुद्दा तोच आहे. अनवाणी नट, ओल्या फळ्या, लोखंडी खांब. लाइट गेला तर भीम हिरवा होईल. माणूस गेला तर?

स्टेजच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. एमसीबी (जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच) तारा वाचवतो, माणसाला नाही. मात्र सगळे लाइट एकाच आरसीसीबीवर घालू नका. प्रत्येक एलईडीच्या सप्लायमधून किंचित गळती अर्थला जातच असते. तशा पंधरा-वीस थेंबांची बेरीज होते, आणि आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मधे कुठेही पडू शकतो. ऐन युद्धात अंधार झाला की कोणीतरी शहाणा तो बायपास करतो आणि तिथून धोका सुरू होतो. लाइटचे दोन भाग करा, ध्वनी वेगळा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र आरसीसीबी.

अर्थिंग बोर्डापर्यंतच नको. पाइप, खांब, पत्र्याचा सांगाडा, सगळं लोखंड एकमेकांना आणि अर्थला जोडलेलं हवं. जनरेटर लावता का? भाड्याच्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थला जोडलेलाच नसतो. तसा असेल तर आरसीसीबी नुसता शोभेला, टेस्टचं बटण दाबल्यावर पडेल पण माणसाला झटका बसताना पडेलच असं नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि शेजारच्या घरातून वायर ओढण्यापेक्षा महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या.

थेम्सकाठी (१ जुलै, दुपारी ३:१०)

मूळचा चिपळूणचा, आता इंग्लंडमध्ये. इथल्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात मी वायरी ओढणाऱ्या स्वयंसेवकांत असतो. इथे तात्पुरत्या कार्यक्रमांच्या विजेसाठी बीएस ७९०९ नावाचं वेगळं मानक आहे आणि एका जाणत्या माणसाने सगळं तपासून सही केल्याशिवाय वीज चालू होत नाही. पहिल्या वर्षी मला हा निव्वळ कागदी घोळ वाटला होता. सही करणाऱ्या बाईंनी माझ्याच हातची एक वायर कापून कचऱ्यात टाकली, तेव्हा मत बदललं.

त्यांनी शिकवलेली साधी गोष्ट: वायर पिनेत किंवा बोर्डात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, मग वर न्यायची. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, पिनेपर्यंत पोचत नाही. फुकटचा उपाय. आणि कुठलाही जोड जमिनीवर ठेवायचा नाही, निदान गुडघ्याइतका वर टांगायचा.

रातपाळी (१ जुलै, सायंकाळी ६:००)

झोळाचं एक नंबर. पत्र्याच्या पागोळ्या कुठे पडतात तेही एकदा पावसात उभं राहून बघा. बोर्ड बरोबर पागोळीखाली लावलेला मी स्वतः पाहिलाय.

जोडासाठी घरगुती तीन पिनी सोडा. निळे गोल इंडस्ट्रियल पिन-सॉकेट घ्या, १६ अँपिअरचे. ते आयपी ४४ आणि ६७ दोन्हींत येतात, तुम्ही ६७ घ्या, फिरवून घट्ट होणारे. लाइटवर ट्रू-वन जातीचा कनेक्टर असेल तर तो जोडलेला असताना आयपी ६५ असतो. शब्द लक्षात घ्या, *जोडलेला असताना*. शेवटच्या लाइटचं रिकामं तोंड उघडं ठेवलंत तर पाण्याला वाट मिळाली. रबरी टोपी लावा, हरवली तर बाजारातून आणा. डीएमएक्सच्या, म्हणजे लाइटना हुकूम नेणाऱ्या वायरच्या, तोंडालाही तेच.

मांडवीचो_वारो (२ जुलै, सकाळी ९:४५)

मी पणजीचा, किनाऱ्यावरच्या लग्नांना लाइट पुरवतो. आयपीच्या आकड्यात मीठ येत नाही. माझे पहिले आयपी ६५ पार दुसऱ्याच मोसमात आतून ठणठणीत आणि बाहेरून कुजके झाले होते. साधे स्क्रू गंजले, क्लॅम्प उघडेना, एक तर ग्राइंडरने कापला. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि क्लॅम्प मागा. कार्यक्रम संपला की ओल्या फडक्याने गोड्या पाण्याने पुसा, उन्हात नको, पंख्याखाली वाळवा, मगच पेटीत. ओला लाइट पेटीत बंद केला की पेटीच त्याचं थडगं. कुडाळ खाऱ्या वाऱ्यापासून थोडं आत आहे, पण कोकणची ओल तर आहेच.

डबलबारी_फॅन (२ जुलै, दुपारी १२:३०)

पाखरांचं कोणी बोलत नाही! पाऊस थांबला की लाइटवर पाखरं येतात आणि बुवांच्या तोंडात जातात. एकदा गजर अर्ध्यावर थांबला होता.

सायक्लोरामा (२ जुलै, दुपारी १:१५)

वॉर्म व्हाइटला तुलनेने कमी येतात, हा आणखी एक फायदा. शिवाय रंगमंचापासून लांब, प्रेक्षकांच्या पलीकडे एक पांढराशुभ्र फ्लड लावून ठेवा. बरीच तिकडे जातील. सगळी नाही, बुवांनी तोंड सांभाळून गावं.

माटवाखालचा (११ जुलै, रात्री १०:३०)

तीन दुकानं फिरलो. पाइपने धुवायला ‘हो’ म्हणणारा तिसरा निघाला, कोल्हापूरचा. हिशेब असा: वॉर्म व्हाइट सहा, प्रत्येकी ६,०००, रंगाचे सहा, प्रत्येकी ५,५००. म्हणजे लाइटचे ६९,०००. तीन कोअर अडीच चौरस मिलिमीटर रबरी केबल ९० मीटर, १६,२००. आरसीसीबींसकट बोर्ड १४,०००, निळे पिन-सॉकेट ८,०००, डीएमएक्स वायर आणि लाइट चालवायचा छोटा कन्सोल १२,०००, अर्थिंगचे दोन खड्डे १०,०००, क्लॅम्प आणि प्रत्येक लाइटला तारेचा सेफ्टी दोर ९,०००. एकूण १,३८,२००. उरलेले वायरमनचे.

सभेत वाद झाला. ‘लाइटला एकोणसत्तर आणि वायरींना तेवढेच?’ असं खजिनदार तीनदा म्हणाले. शेवटी नारदच उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘मी हात लावलेलो खांब आसा थयच, जावन एकदा हात लावन बघा.’ ठराव मंजूर.

फेज_न्यूट्रल (१२ जुलै, सकाळी ७:१०)

नारदाला माझा नमस्कार सांगा. आणि फोनवर ‘दामिनी’ ॲप घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं. आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की प्रयोग थांबवायचा आणि माणसांना पक्क्या इमारतीत न्यायचं. तिथे आयपी बियपी काही नाही.

माटवाखालचा (गणपतीनंतर, रात्री ११:५०)

धागा वर काढतोय, वृत्तान्त द्यायचा होता.

धुतलेल्या नमुन्यात धुकं आलं नाही. लॉटमधला एक लाइट मात्र घरी आणल्यावर ढिल्या ग्लँडचा निघाला, दुकानदाराने बदलून दिला. दुसऱ्या आणि पाचव्या रात्री झड आली. पाचव्या रात्री तर पुढच्या पाइपवरून पाणी नळासारखं वाहत होतं. बारा लाइट, एकही बंद नाही. केबलच्या झोळांखाली बारा ठिकाणी टपटप, पोरांनी खाली करवंट्या ठेवल्या.

तिसऱ्या रात्री एकदा अंधार झाला, अर्धा मिनिट. आरसीसीबी पडला होता. आम्ही लाइट चाचपतोय आणि वायरमनला सापडली चहावाल्याची किटली, आमच्याच बोर्डात खोचलेली, बुडाला ओल. काढली, पुन्हा चढवलं, चालू. चहावाला अजून रागावलेला आहे.

संकासुर दिसला. माझ्या आजीने पुढच्या रांगेतून मोठ्याने सांगितलं, ‘ह्येच्या टोपयेक शिवण मारलेली आसा रे.’

लाइट आता पुसून, वाळवून शाळेच्या कपाटात आहेत. कार्तिकात जत्रा सुरू होतील. शेजारच्या दोन गावांनी भाड्याने मागितलेत.

गावठी_रेडो (त्याच रात्री, १२:१०)

आमच्या गावाक किती लावतलास?